प्रेशर ट्रान्समीटर पहिल्यांदाच लावताय? स्टीम हेडरच्या एका पीटीची पूर्ण गोष्ट, बसवण्यापासून फॉल्ट शोधण्यापर्यंत

आयटीआय करून कोकणातल्या एका केमिकल प्लांटला लागलो आणि पहिल्याच महिन्यात मी बॉयलर ट्रिप करून दाखवला. स्टीम हेडरचा (वाफ वाटून देणाऱ्या मुख्य पाइपाचा) पीटी, म्हणजे प्रेशर ट्रान्समीटर, लोकल गेजपेक्षा जरा जास्त दाखवतोय, बघून ये, असं सिनिअर म्हणाले. मी गेलो, झाकण उघडलं आणि मोठ्या हुशारीने वायर काढली. त्याच सिग्नलवर इंटरलॉक (सिग्नल बिघडला की बॉयलर आपोआप बंद करणारी सुरक्षा) होता, दोन मिनिटांत अख्खा प्लांट शांत. नंतर कळलं की ट्रान्समीटर एकदम ठणठणीत होता, त्याला झालं काहीच नव्हतं. खरं कारण काय होतं ते पुढे सांगतो कारण ते समजायला आधी थोडं बाकीचं समजायला लागतं.

तेव्हापासून एक सवय लागली, पीटीची कंप्लेंट आली की ट्रान्समीटरला सगळ्यात शेवटी हात लावायचा. आधी ट्यूबिंग, मग वायर, मग रेंज. हा लेख नव्याने फिल्डवर आलेल्यांसाठी आहे आणि उदाहरण म्हणून तोच स्टीम हेडर घेतो म्हणजे आकडे डोक्यात राहतील. रेंज ० ते १६ किलो (फिल्डवर किलो म्हणजे किलो प्रति चौरस सेंटीमीटर, पूर्ण नाव कोणी घेत नाही), चालतो १० किलोच्या आसपास, टॅपिंग (पाइपातून प्रेशर जिथून घेतो ती जागा) वर पाइप रॅकवर आणि ट्रान्समीटर ३ मीटर खाली स्टँडवर. ट्रान्समीटर प्रेशर मोजून वायरवरून ४ ते २० एमए (मिलीॲम्पिअर) करंट पाठवतो, ४ ते २० म्हणजे १६ एमएचा स्पॅन (दोन टोकांमधलं अंतर) आणि रेंज पण १६ किलो, म्हणजे एका किलोला एक एमए. हिशोबाला सोपं.

१. आधी कागद आणि सामान

कागद:
- इन्स्ट्रुमेंट डेटाशीट, हुकअप ड्रॉइंग, लूप ड्रॉइंग
- ट्रान्समीटरसोबत आलेलं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट
- मास्टर गेजचं (ज्याच्याशी ताडून बघायचं त्या अचूक गेजचं) चालू मुदतीचं एनएबीएल लॅबचं (मान्यताप्राप्त लॅबचं) सर्टिफिकेट
- स्टीम लाइन असेल तर व्हॉल्व्ह आणि फिटिंगचं आयबीआर (इंडियन बॉयलर रेग्युलेशन) सर्टिफिकेट
- सॉल्व्हंट एरिया असेल तर फ्लेमप्रूफ (आतला स्फोट बाहेर न जाऊ देणारं) किंवा आयएस (स्फोट होईल एवढी ठिणगीच न पडू देणारं) असल्याचं पेसोचं (स्फोटक पदार्थांच्या सुरक्षेच्या सरकारी खात्याचं) सर्टिफिकेट
- वर्क परमिट

सामान: मल्टिमीटर, हार्ट कम्युनिकेटर (ट्रान्समीटरची सेटिंग वाचायचं आणि बदलायचं हातातलं यंत्र), हँड पंप आणि मास्टर गेज, २४ व्होल्टचा सप्लाय, २५० ओहमचा रेझिस्टर, दोन पाने (एक धरायला, एक फिरवायला, एका पान्यावर काम करणारे लोक ट्यूब पिळतात), टेफ्लॉन टेप, लग आणि क्रिम्पिंग टूल, टॅग.

रेझिस्टर लोक विसरतात. लूपमध्ये (सप्लाय, ट्रान्समीटर आणि कंट्रोल रूम यांच्या सर्किटमध्ये) निदान २५० ओहम नसेल तर कम्युनिकेटर ट्रान्समीटरशी बोलतच नाही आणि नवीन माणूस तासभर कम्युनिकेटरची बॅटरी बदलत बसतो.

२. खोक्यातून काढल्यावर नेमप्लेट वाचा

टॅग नंबर, रेंज, मटेरियल, थ्रेड आणि गेज (हवेच्या दाबापासून मोजणारा) आहे की ॲब्सोल्युट (पूर्ण निर्वातापासून मोजणारा) एवढं डेटाशीटशी जुळवून घ्या. गेज आणि ॲब्सोल्युटचा घोळ नेहमी होतो. ॲब्सोल्युट पीटी मोकळ्या हवेत ठेवला तर समुद्रकिनारी साधारण १.०१ बार दाखवणार, पुण्यात ०.९५ च्या आसपास कारण पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे. तो शून्य दाखवत नाही म्हणून कोणी झिरो ट्रिम (सेन्सरचं शून्य जुळवणं) मारला की त्याची वाट लागली.

मटेरियलचं पण बघा. साधा एसएस ३१६ एलचा डायफ्राम (प्रेशर झेलणारा पातळ पडदा) हायड्रोक्लोरिक ॲसिडवर टिकत नाही, तिथे हॅस्टेलॉय किंवा टँटॅलम लागतो. ऑक्सिजन लाइनचा पीटी असेल तर तेलाचा थेंबही चालत नाही, त्यामुळे तुमचा नेहमीचा ऑइलचा हँड पंप त्याला लावायचाच नाही.

आणि डायफ्रामला बोट, स्क्रूड्रायव्हर, वायरचं टोक, काही म्हणजे काही लावू नका. "कचरा दिसला म्हणून खरवडला" असं सांगणारे दोघं मला माहीत आहेत, दोन्ही ट्रान्समीटर भंगारात गेले.

३. बेंचवर एकदा तपासून घ्या

नवीन पीस आहे, सर्टिफिकेट आहे, मग कशाला? कारण वर चढून फिटिंग केल्यावर कळलं की कॉन्फिगरेशन चुकीचं आहे तर सगळं परत. २४ व्होल्ट द्या, रेझिस्टर सिरीजमध्ये, कम्युनिकेटर लावा आणि टॅग, युनिट, रेंज, डॅम्पिंग (रीडिंग किती सावकाश बदलावं ते) भरा. युनिट नीट बघा. १ किलो म्हणजे ०.९८ बार म्हणजे १४.२२ पीएसआय. बार आणि किलो जवळपास सारखेच म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही आणि दोन टक्क्यांची चूक वर्षानुवर्षं चालत राहते.

मग हँड पंपाने पाच पॉइंट घ्या, ०, ४, ८, १२, १६ किलो. करंट यायला पाहिजे ४, ८, १२, १६, २०. चढताना पाच आणि उतरताना पाच, दोन्ही लिहा. उतरताना वेगळं येत असेल तर आधी पंपाच्या जॉइंटला लीक बघा, बहुतेक वेळा तोच निघतो. ८ किलोला १२ च्या जागी १२.०४ एमए आला तर एरर किती? ०.०४ भागिले १६, म्हणजे स्पॅनच्या ०.२५ टक्के. हे चालेल की नाही ते तुमच्या प्लांटच्या प्रोसिजरमध्ये लिहिलेलं असतं, मनाने ठरवायचं नाही. मास्टर गेज तपासायच्या पीसपेक्षा निदान चार पट अचूक असावा असा साधारण नियम आहे.

४. जागा आणि इम्पल्स लाइन

इम्पल्स लाइन म्हणजे टॅपिंगपासून ट्रान्समीटरपर्यंतची ट्यूब. माझ्या मते अर्ध्या कंप्लेंटी इथे जन्माला येतात आणि हेच काम घाईत फिटरवर सोडलं जातं.

लाइनमध्ये लिक्विड असेल तर टॅपिंग पाइपच्या बाजूला आणि ट्रान्समीटर टॅपिंगच्या खाली, म्हणजे हवेचे बुडबुडे आपोआप परत पाइपात जातात. टॅपिंग पाइपच्या तळाला घेतलं तर गाळ आत येतो. गॅस असेल तर उलट, टॅपिंग वरून आणि ट्रान्समीटर पण वर, म्हणजे पाणी खाली निथळून जातं. स्टीमला टॅपिंग बाजूला, ट्रान्समीटर खाली आणि मध्ये सायफन किंवा कंडेन्सेट पॉट (वाफेचं झालेलं पाणी साठवणारा वळसा किंवा डबा). १० किलोची स्टीम १८० डिग्रीच्या वर असते, ट्रान्समीटरचं इलेक्ट्रॉनिक्स साधारण ८५ डिग्रीपर्यंत टिकतं, मधल्या पाण्यावरच त्याचा जीव आहे. ट्यूबला फुटाला एक इंच तरी उतार द्या, सलग, मध्ये पोट पडलेली ट्यूब नको.

दुहेरी फेरूलचं (ट्यूब पकडणाऱ्या दोन रिंगांचं) फिटिंग अर्ध्या इंचाच्या ट्यूबवर हाताने घट्ट झाल्यावर पान्याने सव्वा फेरा. आधी पेनाने खूण करा मग फिरवा. जास्त जोर लावला की लीक थांबतो हा गैरसमज आहे.

थ्रेडचा सापळा: अर्ध्या इंचाचा एनपीटी आणि अर्ध्या इंचाचा बीएसपी, दोघांचेही इंचाला १४ आटे, त्यामुळे एकमेकांत दोन-तीन आटे मस्त फिरतात आणि वाटतं बसलं. पण एकाचा कोन ६० डिग्री आणि दुसऱ्याचा ५५. प्रेशर आलं की गळणार, आणि कसाबसा धरला तर एखाद्या दिवशी उडणार. शंका आली तर थ्रेड गेज लावा. एनपीटीला टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे टोक तुमच्याकडे धरून घड्याळाच्या काट्यासारखा, आणि पुढचे दोन आटे मोकळे सोडा नाहीतर टेपचे तुकडे आत जाऊन बसतात. फिरवताना पाना षटकोनावर, हाउसिंग धरून कधीच नाही.

अजून एक, मॅनिफोल्ड (ट्रान्समीटरच्या आधीचा व्हॉल्व्हचा ब्लॉक) पाण्याने भरलेला आणि दोन्ही बाजूंनी बंद असताना त्यात ट्रान्समीटर पिळू नका. पाणी दाबलं जात नाही, आटा फिरेल तसं आतलं प्रेशर भयंकर वाढतं आणि डायफ्राम जागेवरच वाकतो. व्हेंट (बाहेर हवेत उघडणारं तोंड) उघडा ठेवून बसवा.

५. वायरिंग

दोन वायर, प्लस आणि मायनस, त्यात चुकण्यासारखं काय असं वाटतं. पण बघा:

शील्ड एकाच बाजूला अर्थ करायची, पॅनलच्या बाजूला. फिल्डच्या बाजूला कापून टेप लावून सोडायची. दोन्हीकडे अर्थ केली की शील्डमधूनच करंट फिरतो आणि सिग्नल नाचतो. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये सिग्नल केबल टाकू नका.

केबल एन्ट्री एम २० आहे की अर्धा इंच एनपीटी ते बघून ग्लँड (केबल घट्ट धरणारं फिटिंग) घ्या. ग्लँड खालच्या बाजूने येऊ दे आणि केबलला आधी एक झोळ द्या म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाईल. दुसरी रिकामी एन्ट्री असते तिला कंपनीतून आलेलं लाल प्लास्टिकचं बूच असतं, ते फक्त प्रवासासाठी, तिथे मेटलचा प्लग लावायचा. चिपळूण, महाड, रोहा इकडे ज्यांनी पावसाळा काढलाय त्यांना हे सांगायला नको. लाल बूच दिसलं की जुलैमध्ये आत पाणी असणारच.

फ्लेमप्रूफ एरियात सप्लाय चालू असताना झाकण उघडायचं नाही. चालतं थोडा वेळ, असं कोणी म्हणालं तरी नाही.

६. लाइनवर घेणे

स्टीमचा पीटी पहिल्यांदा घेताना रूट व्हॉल्व्ह (टॅपिंगजवळचा पहिला व्हॉल्व्ह) बंद ठेवून कंडेन्सेट पॉट आणि ट्यूब पाण्याने भरून घ्या. कोरड्या ट्यूबमध्ये थेट स्टीम सोडली तर ती सरळ डायफ्रामवर जाते. पाणी भरलं की रूट व्हॉल्व्ह हळू उघडा, एका बाजूला उभं राहून, फेस शील्ड आणि हँडग्लोव्हज घालून, आणि सगळे जॉइंट बघत.

डीपी ट्रान्समीटर (दोन ठिकाणच्या प्रेशरमधला फरक मोजणारा, फ्लोसाठी वापरतात) असेल तर थ्री व्हॉल्व्ह मॅनिफोल्डचा क्रम: इक्वलायझिंग उघडा, हाय साइड उघडा, इक्वलायझिंग बंद, मग लो साइड. दोन्ही साइड उघड्या असताना इक्वलायझिंग उघडायचा नाही, स्टीम फ्लोला तर नाहीच, नाहीतर पॉटमधलं पाणी इकडचं तिकडे वाहून जातं. आणि फ्लो डीपीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, तो स्क्वेअर रूट एकाच ठिकाणी घ्यायचा, ट्रान्समीटरमध्ये नाहीतर डीसीएसमध्ये (कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरमध्ये). दोन्हीकडे घेतला तर २५ टक्के डीपीला खरा फ्लो ५० टक्के असताना स्क्रीनवर ७० दाखवेल.

लाइनची हायड्रोटेस्ट (पाणी भरून घेतलेली प्रेशर टेस्ट) असेल तर ट्रान्समीटर आयसोलेट करून व्हेंट उघडा ठेवा. टेस्ट प्रेशर वर्किंगच्या दीड पटीपर्यंत जातं.

७. झिरो, आणि त्या बॉयलरच्या गोष्टीचा उलगडा

माउंटिंगची दिशा बदलली की झिरो थोडा सरकतो, त्यामुळे जागेवर बसवल्यावर एकदा झिरो ट्रिम लागतो. आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद, व्हेंट उघडा, कम्युनिकेटरवर प्रेशर बघा, ०.०२ वगैरे असेल तर झिरो ट्रिम मारा. फक्त गेज टाइपला.

आता आपला स्टीम हेडर. ट्रान्समीटर ३ मीटर खाली, ट्यूबमध्ये ३ मीटर पाणी उभं, म्हणजे ०.३ किलो कायमचं जास्त. हेडरला १० किलो असताना ट्रान्समीटरला १०.३ जाणवतं. म्हणून रेंज ० ते १६ न ठेवता ०.३ ते १६.३ ठेवायची, मग १०.३ ला बरोबर १४ एमए जातो आणि डीसीएसवर १० दिसतं. डीसीएसचं स्केल ० ते १६ च राहतं.

पण आता व्हेंट उघडा केला की ट्रान्समीटरला शून्य जाणवतं, जे रेंजच्या खाली आहे. हिशोबाने ३.७ एमए यायला पाहिजे, पण नामूर (प्रोसेस इंडस्ट्रीतली संघटना) स्टँडर्डप्रमाणे सेट केलेला ट्रान्समीटर ३.८ च्या खाली जात नाही, तिथेच थांबतो. नवीन माणूस हे बघतो, म्हणतो ४ यायला हवा होता, झिरो गेलाय, आणि ट्रान्समीटरवरचं झिरोचं बटण दाबतो. बऱ्याच मॉडेलमध्ये ते बटण खालची रेंजच त्या घडीच्या प्रेशरला नेऊन ठेवतं, म्हणजे ०.३ चं शून्य झालं, स्पॅन तोच, करेक्शन गायब. व्हेंटला आता छान ४ एमए येतो, माणूस खुशीत घरी जातो, आणि हेडर आयुष्यभर ०.३ जास्त दाखवतो.

आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. माझ्या आधी कोणीतरी बटण दाबून गेला होता आणि मी वायर काढून बॉयलर पाडला.

म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्या. रेंज बदलणं म्हणजे कुठल्या प्रेशरला ४ आणि कुठल्याला २० द्यायचे ते सांगणं. सेन्सर ट्रिम म्हणजे मास्टरने दिलेलं प्रेशर हे खरं आहे असं सेन्सरला शिकवणं. आउटपुट ट्रिम म्हणजे त्याचा स्वतःचा ४ आणि २० एमए मिलीॲमीटरशी जुळवणं. रेंज बदलली म्हणजे कॅलिब्रेशन झालं असं होत नाही. आणि ट्रिम मारायच्या आधीचे रीडिंग लिहून ठेवलेच पाहिजेत, नंतरचे तर सगळेच लिहितात.

८. लूप चेक

कम्युनिकेटरवरून लूप टेस्टला जाऊन ४, १२, २० एमए पाठवा आणि पॅनल ऑपरेटरला वॉकीवर विचारा. ०, ८, १६ किलो दिसलं पाहिजे. ट्रान्समीटर ० ते १६ आणि डीसीएस ० ते २५ असं असेल तर १० किलोला स्क्रीनवर १५.६ दिसेल, इथेच पकडलं जातं. झाल्यावर लूप टेस्टमधून बाहेर या. तसाच सोडलेला ट्रान्समीटर शांतपणे १२ एमए देत राहतो.

९. फॉल्ट शोधताना

हात लावायच्या आधी कंट्रोल रूमला विचारा, हा पॉइंट ट्रिपमध्ये आहे का, कंट्रोल व्हॉल्व्ह ऑटोला आहे का. बायपास (इंटरलॉक तात्पुरता बंद ठेवणं) घ्या, लेखी घ्या. मग करंट मोजा. बऱ्याच ट्रान्समीटरला टेस्ट टर्मिनल असतात, तिथे मल्टिमीटर लावला की वायर न काढता एमए कळतो. मला हे त्या दिवशी माहीत असतं तर.

शून्य एमए: फ्यूज, पोलॅरिटी, जेबीमधला (जंक्शन बॉक्समधला) सुटा लग. टर्मिनलवर व्होल्टेज आहे का बघा. २४ व्होल्ट आहे पण करंट नाही, तर मात्र ट्रान्समीटरवर संशय.

३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर: ट्रान्समीटर स्वतः सांगतोय की मी आजारी आहे. कम्युनिकेटर लावा, काय झालंय ते तोच सांगेल. ३.८ किंवा २०.५ ला अडकलेला असेल तर तो ठीक आहे, प्रेशर रेंजच्या बाहेर गेलंय.

१५-१६ एमएपर्यंत बरोबर आणि वर जातच नाही: व्होल्टेज कमी पडतंय. बहुतेक हार्ट ट्रान्समीटरना टर्मिनलवर साधारण साडेदहा ते बारा व्होल्ट लागतात. २० एमएला २५० ओहम ५ व्होल्ट खातो, बॅरिअर (आयएस लूपमध्ये करंट मर्यादेत ठेवणारा) वेगळा, गंजलेला जॉइंट वेगळा. करंट वाढला की हे सगळं वाढतं म्हणून खालच्या रीडिंगला कळत नाही.

कायम ४ एमए: प्रेशर बदलतंय पण करंट हलत नाही, तर लूप करंट मोड बंद आहे का किंवा पोलिंग ॲड्रेस (एकाच वायरवर अनेक ट्रान्समीटर असताना द्यायचा नंबर) शून्य सोडून दुसरा झालाय का बघा.

ट्रेंड एकदम सरळ रेघ: हेडर खालीवर होतोय आणि हा ढिम्म, तर इम्पल्स लाइन चोक. आयसोलेट करून व्हेंट उघडा, रीडिंग पडलं म्हणजे ट्रान्समीटर जिवंत आहे. परत लाइनवर घेतल्यावर रीडिंग रांगत रांगत चढत असेल तर चोक नक्की. पण डॅम्पिंग पण बघा, एकदा मला १६ सेकंद टाकलेलं सापडलं होतं.

पावसात वाढणारं रीडिंग: हा माझा आवडता. टर्मिनलमध्ये ओल आली की प्लस आणि मायनसमधून थोडा करंट ट्रान्समीटरला वळसा घालून जातो. कम्युनिकेटर म्हणतो मी १४ देतोय, मल्टिमीटर म्हणतो १४.४ आहे. आपल्या हेडरला म्हणजे ०.४ किलो जास्त. एका पावसाळ्यात कोणीतरी हे आउटपुट ट्रिम मारून "दुरुस्त" केलं, सगळे खूश. दिवाळीच्या सुमारास टर्मिनल वाळलं आणि तोच पीटी ०.४ कमी दाखवायला लागला, मग सेन्सर गेला म्हणून नवीन मागवला. कम्युनिकेटरचा एमए आणि मल्टिमीटरचा एमए वेगळा दिसला की आधी झाकण उघडून ओल बघा, ओ रिंग बघा, टर्मिनल पुसून वाळवा, आणि मगच ट्रिमचा विचार करा.

सिग्नल नाचतोय: शील्ड, व्हीएफडी, नाहीतर जवळ कोणीतरी वेल्डिंग करतोय आणि अर्थ क्लॅम्प लांब कुठेतरी लावलाय. किंवा खरंच प्रेशर नाचतंय, लोकल गेजचा काटा बघितला की लगेच कळतं.

१०. निघायच्या आधी

झाकण हाताने पूर्ण आवळलं का, व्हेंट बंद करून प्लग लावला का, रूट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का. करेक्शन टाकलेलं असेल तर ट्रान्समीटरला मेटलचा टॅग बांधा, "रेंज ०.३ ते १६.३, झिरो बटण दाबू नये". आम्ही त्या हेडरला बांधलाय. हिस्टरी कार्डवर आधीचे आणि नंतरचे रीडिंग, आणि मग कंट्रोल रूममध्ये जाऊन बायपास काढून घ्या, फोनवर सांगून निघू नका, स्वतः स्क्रीनवर बघा आणि सही घ्या.